दुसऱ्यांदा आलेली ओळ

तुमसरच्या ज्या राइस मिलमध्ये मी हिशेबाला बसते, तिथल्या कॉम्प्युटरवर काळ्या पडद्यात टाइप करायच्या काही आज्ञा आहेत. त्यातली युनिक माझी लाडकी. धानाचा ट्रॅक्टर काट्यावर चढला की वजनाची एक ओळ फाइलमध्ये पडते. काट्यावरचा माणूस बटण दोनदा दाबतो आणि तीच ओळ खाली पुन्हा उमटते. युनिकला फाइल दिली की ती वरून खाली वाचत जाते. आधीच्यासारखीच ओळ लागोपाठ आली तर गाळते, नाही तर पुढे जाऊ देते. एवढंच तिचं काम. कुरकुर नाही, चहा नाही, सुट्टी नाही. मिलमधल्या निम्म्या माणसांपेक्षा मला ती बरी वाटायची.

मला मुळातच कुठलीही गोष्ट दुसऱ्यांदा आलेली खपत नाही. घरात दोन चाळण्या दिसल्या की एक मी कुणाला तरी देऊन टाकते. नवऱ्याने सांगितलेला किस्सा पुन्हा सांगायला घेतला की शेवट आधीच सांगून त्याला गप्प करते. तो म्हणतो, "तुह्यासंग बोलणं म्हणजे परीक्षाच हाय." मला ते कौतुक वाटायचं.

गेल्या वर्षी धानकापणीच्या सुमारास सासूबाईंना लकवा मारला. घरात आम्ही सगळेच त्यांना आई म्हणतो. तोवर त्या बपेऱ्याकडच्या आमच्या गावात एकट्या राहत, शेती पाहत, आणि धान लावायच्या, रोवण्याच्या दिवसांत बायांच्या रांगेत उभ्या राहत. त्यांच्याशिवाय रांगेत गाणं रंगत नाही, असं गावात म्हणत. त्यांना तुमसरला आमच्याकडे आणलं तेव्हा उजवा हात गेला होता आणि वाचाही. कळत सगळं होतं, ते डोळ्यांत दिसायचं. शब्द मात्र फुटत नव्हता. पाण्याला "हं", जेवणाला "हं", रागालाही "हं".

नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं की, बोलणं गेलं तरी कधी कधी गाणं शाबूत राहतं. त्यांची तोंडपाठ गाणी रोज त्यांच्याबरोबर म्हणा, गाण्यातून बोलणं परत यायला लागेल. पण काय करायचं ते सुरुवातीच्या महिन्यांत करा, नंतर कठीण जातं. नवरा वरठीच्या कारखान्यात सकाळच्या पाळीला जातो. तेव्हा हे काम माझ्याकडे आलं, आणि मी ते मोठ्या तोऱ्यात अंगावर घेतलं.

आता गाणी आणायची कुठून? माझं माहेर विणकरांचं, घरात हातमाग. धानाची कोवळी रोपं, पऱ्हे, उपटून चिखलाच्या बांधीत रोवतात, हे मी लग्नानंतर पाहिलं, तेही शेताच्या कडेला धुऱ्यावर, चपला हातात धरून. गाणी येत होती नणंदबाईंना. त्या लहानपणी आईंबरोबर रोवण्याला जात. त्यांनी नागपुरात बसून, आठवून आठवून सगळी गाणी मोबाइलवर टाइप केली आणि मला पाठवली. पाहते तर प्रत्येक ओळ दोनदा. बोडीचं, म्हणजे आमच्याकडच्या लहान तळ्याचं, गाणंच घ्या.

बोडीच्या पाण्याले गेली माय
बोडीच्या पाण्याले गेली माय
पाण्यात पाहून राहिली काय
पाण्यात पाहून राहिली काय

आमच्या नणंदबाई सकाळचा नमस्कारसुद्धा दोनदा पाठवतात. मला वाटलं, इथेही बोट दोनदा पडलं. खरं तर एक फोन केला असता तर भागलं असतं. पण विचारायला जायचं म्हणजे आपल्याला कळत नाही हे कबूल करायचं, आणि मी पडले कॉम्प्युटरवाली. गाणी मिलमध्ये नेली आणि त्यांना युनिक लावली. डोळ्याची पापणी लवायच्या आत सगळी निम्मी झाली. युनिकच्या आधी पुष्कळदा सॉर्ट लावतात, म्हणजे विखुरलेल्या सारख्या ओळी एकाखाली एक येतात. मी तो लावला नाही, गाण्याचा क्रम बिघडेल म्हणून. एवढी काळजी घेतली म्हणून स्वतःवर खूशही झाले. मग मोठ्या अक्षरात छापून, फोल्डरमध्ये घालून घरी आणली आणि नवऱ्याला म्हटलं, "तुमच्या ताईचा पसारा आवरून आणला."

चाल नवऱ्याला अर्धवट येत होती, ती त्याच्याकडून घेतली. रोज सकाळी मिलला जाण्याआधी मी आईंच्या खाटेजवळ बसायची आणि गाणं म्हणायची, एकीमागे एक ओळ, कुठे न थांबता. ओळ संपत आली की आईंची मान थोडी पुढे यायची, तोंड उघडायचं. तोवर मी पुढच्या ओळीवर गेलेली असायची. तोंड मिटायचं. पुन्हा उघडायचं, पुन्हा मिटायचं. मला वाटायचं, बिचारीला आठवत नाही. म्हणून मी आणखी मोठ्याने आणि आणखी भरभर म्हणायची. एकदा मिलला उशीर होत होता तेव्हा चिडून बोलले, "आई, तोंड तं हालवा. मी एकटीच कायले ओरडून राहिली मंग?" त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

काही आठवड्यांनी नणंदबाईंचा फोन आला. "वहिनी, आई गाते का?" मी खाटेच्या पायथ्याशीच उभी होते. तिथूनच म्हटलं, "नाही ताई. गाणे बी गेले त्यायच्या डोक्यातून. आता काई आशा नाही." उचलली जीभ लावली टाळ्याला. आई समोर होत्या, ऐकत होत्या, माझ्याकडे पाहत होत्या. नणंदबाई फोनवर रडल्या. मी त्यांची समजूत घातली, आणि फोन ठेवल्यावर आपण किती खंबीर आहोत असं मला वाटलं. त्यानंतर रोजचं गाणं रविवारवर आलं, आणि कित्येक रविवारी तेही राहून गेलं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेले सुरुवातीचे महिने असे गेले.

या उन्हाळ्यातल्या एका रविवारी मी आईंजवळ बसले होते. पहिली ओळ म्हटली आणि कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या हे लक्षात आलं. डाळ लागेल म्हणून तशीच उठले आणि स्वयंपाकघरात जाऊन गॅस बंद केला. आईंच्या खोलीतून आवाज आला, "बोडीच्या पाण्याले गेली माय."

मला वाटलं, शेजारचा टीव्ही. पण टीव्हीवर आमच्याकडची बोडी कुठून येणार? आवाज चिरका होता, शब्द एकमेकांना चिकटलेले, पण ओळ अख्खी होती, चालीसकट. मी दारात आले. आई माझ्याकडे पाहत होत्या, मान पुढे काढून. मी तिथूनच दुसरी ओळ म्हटली. तिसरी सवयीने ओठांवर आली होती, ती कशीबशी आवरली. आणि त्या म्हणाल्या, "पाण्यात पाहून राहिली काय."

ते गाणं आम्ही असंच शेवटपर्यंत म्हटलं. आनंद व्हायला हवा होता, झालाही असेल. पण आधी लाज वाटली, आणि ती अजून गेलेली नाही. त्या इतके दिवस मी ओळ संपवून थांबायची वाट पाहत होत्या. दुसऱ्याच्या ओळीत तोंड घालायचं नाही, ही त्यांची रीत. आणि मी रोज त्यांच्या ओळीवर पाय देऊन पुढे जात होते, वर त्यांनाच बोल लावत होते.

नणंदबाईंना लगेच फोन केला. त्या साधेपणाने म्हणाल्या, "एक जण म्हणते, मंग रांग म्हणते. म्हणून तं दोन दोन लिवलं. दुसरी ओळ आईची हाय. काहून, तुवं काय केलं?"

मी सांगितलं. मी शिव्या खायला तयार होते, खाल्ल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "मले वाटलं, तुले माहीत असन." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सोमवारी मिलमध्ये नणंदबाईंच्या मूळ फाइलवर युनिक पुन्हा चालवली. कुठली ओळ लागोपाठ किती वेळा आली, हे मोजून दाखवायलाही तिला सांगता येतं. गाळायच्या आधी मी तेवढं जरी केलं असतं तरी कळलं असतं. पडद्यावर प्रत्येक ओळीच्या पुढे दोन आला. माणसाच्या चुकीने असं होत नाही. काट्यावरचा माणूसही प्रत्येक वेळी चुकत नाही. युनिकचा यात काही दोष नव्हता. ती माझ्याइतकंच पाहत होती, आणि त्यापुढचं पाहणं माझं काम होतं.

त्या संध्याकाळी घरी आल्यावर मी हातपाय धुतले आणि आईंच्या खाटेवर जाऊन बसले. नवरा बाहेरून येऊन दारात बूट काढत होता. मी लग्नापासून तोवर आईंची कधी माफी मागितली नव्हती, मागायची वेळ येऊनही. मी त्यांचा चांगला हात हातात घेतला आणि म्हटलं, "आई, माही चूक झाली."

त्या माझ्या तोंडाकडे पाहत राहिल्या. मी पुढे काही बोलले नाही. त्यांची मान पुढे आली. "माही चूक झाली," त्या म्हणाल्या. चाल नव्हती. गाण्याबाहेरचं ते त्यांचं पहिलं वाक्य होतं.

नवरा एका पायात बूट तसाच ठेवून आत आला आणि रडायला लागला, मग त्याने नागपूरला फोन लावला. ताई, आई बोलली, आई बोलली, असं तो सांगत होता. काय बोलली, ते तो सांगत नव्हता.

"तुमची नाही, आई," मी म्हटलं. "माही."

"माही," आई म्हणाल्या.