जनान्यावरचं प्रकरण

माझ्या गाईडला मी पहिल्या दिवसापासून आवडले नाही, आणि मला तो. नागपुरात इतिहासात एम. ए. करून, लग्न करून मी अमेरिकेत आले होते. ऐंशीचं दशक अर्धं सरलं होतं. आम्ही जर्सी सिटीत भाड्यानं राहत होतो आणि मी न्यू जर्सीतल्याच एका विद्यापीठात पीएचडीला नाव घातलं होतं. हा गाईड विभागातला ज्येष्ठ प्राध्यापक. समोरच्याशी बोलताना खिडकीबाहेर बघायचा. मी विषय सांगितला तेव्हा मात्र त्यानं वळून माझ्याकडे बघितलं.

विषय होता एक इंग्रज बाई. व्हिक्टोरिया राणीच्या काळातली, पाद्र्याची मुलगी. भावांना ग्रीक शिकवायला मास्तर यायचे, तेव्हा ही त्याच खोलीत शिवण घेऊन बसायची आणि ऐकून ऐकून शिकायची. पुढे तिनं ग्रीक नाटकांची भाषांतरं केली, मुलींसाठी वर्ग काढले, बायकांना विद्यापीठाच्या परीक्षेला बसू द्या म्हणून जन्मभर भांडली. शेवटी परीक्षेला बसू दिलं, पण पदवी दिली नाही. तिच्या विद्यार्थिनी मुलांच्या वरचढ ठरून रिकाम्या हातानं घरी जात.

“तुम्ही भारतीय विषय का घेत नाही?” गाईड म्हणाला. “सती, बालविधवा. तुम्हाला ते आतून कळेल.”

“माझ्या घरात कुणी सती गेलेलं नाही,” मी म्हणाले. “माझी आई शाळेत गणित शिकवते.”

तो हसला नाही. ही बाई दुय्यम आहे, हिच्यावर कुणी नोकरी देणार नाही, असं बजावून त्यानं विषय मंजूर केला.

आपली माणसं काही वेगळी नव्हती. मराठी मंडळींचं महिन्याकाठी पॉटलक असायचं, प्रत्येकानं घरून एकेक पदार्थ आणायचा. त्यातले एक डॉक्टर काका सगळ्यांच्या आधी या देशात आलेले, म्हणून सगळ्यांना सल्ला द्यायचा हक्क त्यांचा. एकदा ताट हातात घेऊन भर हॉलमध्ये त्यांनी मला गाठलं.

“काय गं, मेमसाहेबावर रिसर्च करतेस म्हणे? आपल्याकडे बायका संपल्या का?”

लोक हसले. माझा नवराही हसला.

“आणि हे सगळं करून मुलंबाळं कधी?”

“काका,” मी म्हणाले, “तुमच्या मुलीला मेडिकलला अ‍ॅडमिशन मिळाली होती ना? ती कॅन्सल करून तिला फार्मसीला का घातलंत?”

हसणं थांबलं. काकू दहीवड्यांचं भांडं घेऊन उगाचच स्वयंपाकघरात गेल्या. लग्न जमायला अडचण नको म्हणून तिला अडवलं होतं, हे तिथं सगळ्यांना ठाऊक होतं. घरी जाताना नवरा गाडीत म्हणाला, “काकांना दुखवायला नको होतंस.” मला कोण दुखवतं हे त्यानं कधी विचारलं नव्हतं. पुढच्या पॉटलकचं आमंत्रण फक्त त्याच्या ऑफिसात, त्याला एकट्याला आलं. तो गेला.

त्याच हिवाळ्यात लायब्ररीच्या तळघरात जुन्या मासिकांचे खंड चाळताना मला तिचा एक लेख सापडला. हिंदुस्थानातल्या बायकांच्या शिक्षणावर होता. जनान्यातल्या, पडद्याआड राहणाऱ्या बायकांची बुद्धी झोपलेली आहे, असं तिचं म्हणणं. त्यांना ग्रीक, भूमिती झेपायची नाही. शिवण, स्वच्छता आणि प्रार्थना एवढं पुरे, बाकीचं पुढच्या पिढ्यांनी बघावं.

शिवण! मांडीवर शिवण ठेवून ग्रीक चोरणारी बाई हे लिहीत होती. मी खंड इतक्या जोरात मिटला की शेजारच्या टेबलावरची मुलगी दचकली. किती तरी दिवस मला तिचं नावही लिहवेना. ज्या बाईसाठी मी गाईडशी, काकांशी, घरात भांडत होते, तिच्या दारात मी उभी राहिले असते तर तिनं मला सुईदोरा दिला असता.

मग मी त्या लेखावर प्रकरण लिहायला बसले. रागानं लिहिलं, पण एकही वाक्य पुराव्याशिवाय ठेवलं नाही.

प्रकरण वाचून गाईड भडकला. तीच दुय्यम बाई आता त्याला थोर वाटू लागली होती. “हे काढा. तुम्ही वैयक्तिक राग काढताय.”

“आतून कळेल म्हणाला होतात. आता कळलंय, तर काढा म्हणता?”

“मग दुसरा गाईड शोधा.”

मी शोधला. ग्रीक शिकवणाऱ्या, निवृत्तीला आलेल्या एक प्राध्यापिका होत्या. त्यांनी सगळा प्रबंध वाचला आणि तोंड वाकडं केलं. “तुमची वाक्यं फार लांब आहेत. मला तुमचं लिखाण आवडलं नाही. पण प्रकरण राहील.” त्या देशात विद्यापीठात कुणी माझी बाजू घेतली ती एवढीच.

तोंडी परीक्षेला जुना गाईड समितीत होताच. त्या प्रकरणाखेरीज बाकी प्रबंधाला त्यानं हातही लावला नाही. “ज्या बाईनं स्त्रियांसाठी दारं उघडली, तिच्याविषयी तुम्ही कृतघ्न आहात, असं नाही वाटत?”

“माझ्यासाठी तिनं दार लावून घेतलं होतं,” मी म्हणाले. “ज्यांच्यासाठी उघडलं त्यांनी कृतज्ञ राहावं. मी तिचं आयुष्य लिहिलंय, आरती नाही.”

प्राध्यापिकाबाई खोकल्या. तो हसू दाबणारा खोकला असावा, पण खात्री नाही. मी पास झाले. सह्या झाल्या, त्याची सर्वांत शेवटी. हात मात्र त्यानं पुढे केला नाही. मीही केला नाही.

नोकरीसाठी त्याची शिफारस अर्थातच मिळाली नाही. मला विद्यापीठात नाही, दोन वर्षांचे अभ्यासक्रम असलेल्या एका कम्युनिटी कॉलेजात काम लागलं. तिथं दिवसभर नोकरी करून संध्याकाळी शिकायला येणाऱ्या बायका असत, बहुतेक माझ्याहून मोठ्या. त्यांना मी त्या इंग्रज बाईचं सगळं वाचायला द्यायचे: पदवीसाठीची भाषणंही आणि तो लेखही. एकदा कँटीनमध्ये काम करणारी एक काळी विद्यार्थिनी पानं टेबलावर आपटून म्हणाली, “मला ही बाई मुळीच आवडत नाही.”

“मलाही नाही,” मी म्हणाले. “का आवडत नाही ते दोन पानांत लिहून आण.”