दादाच्या गाडीचा दुसरा नंबर

मंडळी, आधीच सांगतो, मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. अहो, बनारसमध्ये जन्मलो, दुर्गाघाटावर वाढलो, शाळेत जाता-येता रोज प्रेतयात्रा बघितल्या. भुतं असती तर आमच्या गल्लीत माणसांना पाय ठेवायला जागा उरली नसती! त्यात माझा धंदा मोटार विम्याच्या सर्व्हेअरचा. ठोकलेल्या, जळलेल्या, पाण्यात गेलेल्या गाड्या बघायच्या आणि मालक किती खोटं बोलतोय ते ओळखायचं. असा माणूस संशयी होतो, श्रद्धाळू नाही. म्हणून पुढचं वाचून ज्यांना हसायचंय त्यांनी खुशाल हसा. आमच्या घरातलेच हसले होते.

गोष्ट नव्वदच्या दशकातली, पेजर नवे नवे आले होते तेव्हाची. घरात आम्ही पाच जणं – बाबा, माझा मोठा भाऊ श्रीधरदादा, वहिनी, त्यांची लहान मुलगी आणि मी. आई लवकर गेली, माझं लग्न झालं नव्हतं. बाबा भिक्षुकी करायचे. महाराष्ट्रातून काशीला येणाऱ्या यजमानांची श्राद्धं, पिंडदानं हेच त्यांचं मुख्य काम. सकाळी घाटावर गेले की दुपारी परत. हातातलं दर्भाचं पवित्रक काढलं तरी बोटावर त्याचा वळ राहायचा.

दादाला या सगळ्याची लाज वाटायची. त्याने कँटोन्मेंटमध्ये टूरिस्ट गाड्यांचा धंदा काढला आणि चांगला चालवला. पण मोठ्या हॉटेलांचे मॅनेजर त्याला ‘पंडितजी का लड़का’ म्हणायचे, ते त्याला फार झोंबायचं. "मधू, एक दिवस अशी गाडी आणतो बघ," तो म्हणायचा, "की ह्या लोकांनी पोर्चमध्ये येऊन दार उघडलं पाहिजे."

आणि ती गाडी त्याला सापडली. दोन दारांची, जमिनीलगत बसकी, चांदीच्या रंगाची परदेशी स्पोर्ट्स कार. विलायतेहून परतलेल्या एका डॉक्टरने सोबत आणलेली, त्याच्याकडून लखनौच्या चौबे नावाच्या दलालाकडे आलेली. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. गाडी मैदागिनच्या एका गोदामात उभी होती, कारण आमच्या गल्लीत सायकल धड जात नाही, तिथे ही कुठली यायला!

दादा म्हणाला, "तू नंबर तपास. तू हो म्हणालास तरच घेऊ."

हे त्याचं वाक्य लक्षात ठेवा.

परदेशी गाडीला सतरा अक्षरा-आकड्यांचा चेसिस नंबर असतो. गाडीची जन्मखूण म्हणा ना. जुनी गाडी घेताना आधी तो बघायचा – काचेखालच्या पट्टीवर, दाराच्या चौकटीत, आणि मुख्य म्हणजे बॉडीच्या पत्र्यात ठोकलेला. तिन्हीकडे एकच हवा आणि कागदांशी जुळायला हवा. चोरीच्या किंवा निकालात निघालेल्या गाडीवर दुसऱ्या गाडीचा नंबर ठोकून विकणारे कमी नाहीत. मी विजेरी घेऊन सगळं बघितलं. कस्टमचे कागद, इंजिन नंबर, तिन्ही जागा... सगळं चोख. शेवटचे चार आकडे ३०८२.

मग पेन्सिलचा ठसा. विम्याच्या फायलीला तो लागतोच. पत्र्यातल्या नंबरावर पातळ कागद चिकटवायचा, मऊ पेन्सिल आडवी धरून घासायची. काळ्यावर पांढरे आकडे उमटतात. हजारो वेळा केलेलं काम. मी कागद सोडवला आणि वाचला.

शेवटचे चार आकडे ३०१९.

पुन्हा पत्रा बघितला. ३०८२. नवा कागद लावला, पुन्हा घासलं. ३०१९. मी दादाला म्हटलं, "तू कर." त्याने स्वतःच्या हाताने कागद दाबला, स्वतः घासलं. तेच! दादाचा चेहरा पांढरा पडला होता, खोटं नाही सांगत. तेवढ्यात तोंडातलं पान एका गालात सारून चौबे हसला – "अरे भइया, काग़ज़ पर भरोसा करोगे कि अपनी आँख पर?"

चौबे हसला म्हणून दादा हसला. दलालासमोर घाबरलेला दिसायला नको ना!

मला वाटलं, नंबर घासून नवा ठोकलाय, जुन्याची खूण पत्र्यात राहिली असेल. त्याचीही परीक्षा असते. पत्रा पॉलिश करून त्यावर अ‍ॅसिड फिरवतात, घासून काढलेला नंबर वर येतो. हे काम करणाऱ्या एका ओळखीच्या माणसाला मी गयावया करून आणला. त्याने तासभर खटपट केली. काही वर आलं नाही. "असली है, किसी ने छुआ तक नहीं," असं म्हणून तो हात पुसायला लागला. मी त्याला ठसा घ्यायला लावला. त्याने घेतला, वाचला, कागद माझ्या हातात दिला, आणि चहासुद्धा न घेता निघून गेला.

"झालं समाधान?" दादा म्हणाला.

"दादा, ही गाडी घेऊ नकोस. मी नाही म्हणतोय."

"कारण सांग."

कारण काय सांगणार, कप्पाळ! मी तो कागदावरचा नंबर मुंबईच्या एका ओळखीच्या आयात एजंटला फॅक्सने कळवला. त्याची परदेशात कंपनीपर्यंत ओळख होती. उत्तर आलं तोवर दादाने व्यवहार उरकला होता, विमाही दुसऱ्याच सर्व्हेअरकडून पास करून घेतला होता. त्याने ठसा घेतला का, मी विचारलं. म्हणे जुन्या मालकाच्या विम्याच्या फायलीतला जोडला. मुंबईचं उत्तर असं होतं – त्या नंबरची गाडी होती, हेच मॉडेल, हाच रंग. तिकडच्याच एका हायवेवर जळाली. आत एकटा माणूस होता, तो गेला. गाडीचा सांगाडा कारखान्यात दाबून वितळवला.

दादा जेवत होता. त्याने घास न थांबवता ऐकलं. म्हणाला, "म्हणजे जी गाडी जगातच नाही तिचा नंबर तुझ्या कागदावर येतो. येऊ दे की. माझी तर जगात आहे ना?"

"दादा, अरे ऐक जरा..."

"तू जळतोस मधू, दुसरं काही नाही. आयुष्यभर लोकांच्या मोडक्या गाड्या मोजल्यास, भावाची नवी बघवत नाही."

वहिनीसमोर म्हणाला हे. बाबा पाटावर बसून ऐकत होते. ते एवढंच म्हणाले, "श्रीधर, पूजा केल्याशिवाय चालवू नकोस. मी करतो."

आणि तिथेच सगळ्या घराचं वाटोळं झालं.

पूजा भर सकाळी, मैदागिनला, रस्त्याच्या कडेला. पानवाला, रिक्षावाले, दादाच्या ओळखीच्या हॉटेलांतले दोन साहेब, आणि आमच्या मोहल्ल्यातली मराठी मंडळी झाडून सगळी जमली होती. बाबांनी बॉनेटवर स्वस्तिक काढलं, हळदकुंकू, अक्षता, फुलं, सगळं रीतसर. दादा नव्या सफारी सूटमध्ये हात जोडून उभा. बाबांनी पळीत पाणी घेतलं आणि दादाचं नाव-गोत्र उच्चारलं. आणि मी बघतोय... त्यांचं जानवं उजव्या खांद्यावर होतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. देवाच्या कामात जानवं डाव्या खांद्यावर असतं, ते सव्य. उजव्यावर घ्यायचं ते फक्त पितरांच्या कामात, म्हणजे माणूस गेल्यावर. त्याला अपसव्य म्हणतात. पाणीही तेव्हा बोटांच्या टोकांवरून नाही, अंगठा आणि पहिलं बोट यांच्यामधून सोडतात. बाबांनी तसंच सोडलं. तळहातात काळे तीळ होते! पूजेच्या ताटात तीळ मी ठेवले नव्हते. पाणी गाडीच्या चंदेरी पत्र्यावरून ओघळलं आणि तीळ तिथेच चिकटून राहिले.

गर्दीतल्या जाणकारांपैकी कुणीतरी "अहो गुरुजी!" म्हणून ओरडलं.

बाबांनी दचकून वर बघितलं. "काय झालं?"

"काय झालं विचारताय?" दादा पुढे आला. "मी जिवंत उभा आहे तुमच्यासमोर आणि मला तिलांजली देताय? तीही ह्या लोकांसमोर?"

"अरे, मी सव्यच आहे," बाबा म्हणाले. आणि बोलता बोलता त्यांचा हात डाव्या खांद्याकडे गेला. तिथे जानवं नव्हतं. त्यांचा तो चाचपडणारा हात मला अजून दिसतो.

जन्मभर श्राद्धंच केली, हाताला सवय पडली, वय झालं... हे मीच सगळ्यांना सांगत फिरलो. पण माणसं फार वाईट असतात हो. मोहल्ल्यात बभ्रा झाला की म्हातारा भ्रमिष्ट झालाय, जिवंत मुलाला पाणी देतो. यजमान दुसऱ्या गुरुजींकडे वळले. ज्यांच्या आईबापांची श्राद्धं बाबांनी फुकट केली होती तेही मान फिरवून जायला लागले. दादाने तर बाबांशी बोलणंच टाकलं. एका घरात राहून, एका नळाचं पाणी पिऊन! बाबा दाराशी उभे असले तर हा अंग चोरून बाहेर पडायचा. बाबा रोज संध्याकाळी वहिनीला विचारायचे, "श्रीधर आला का गं?" तेवढंच.

गाडी मात्र झकास चालली. हॉटेलवाल्यांनी खरंच पोर्चमध्ये येऊन दार उघडलं. दादा मला मुद्दाम सांगायचा, "काय रे सर्व्हेअर, अजून जिवंत आहे बघ मी."

उन्हाळ्यात तो अलाहाबादला निघाला. दुपारची वेळ, जी.टी. रोड सरळ, रस्ता मोकळा. मागून येणाऱ्या ट्रकवाल्याने सांगितलं की गाडी कुणाला धडकली नाही, घसरली नाही. चालता चालता आतून पेटली. थांबलीसुद्धा नीट, कडेला. दार काही उघडलं नाही. आत एकटा दादा होता.

भाऊ म्हणून तो क्लेम मी बघू शकत नव्हतो. अलाहाबादच्या सर्व्हेअरने बघितला. त्याचा फोन आला, "भाईसाहब, पॉलिसी का नंबर कुछ और है, गाड़ी का कुछ और." मी गेलो. जळून काळा पडलेला तो पत्रा मी माझ्या धोतराच्या सोग्याने... म्हणजे, तेव्हा मी दादाच्या क्रियेत होतो म्हणून धोतर नेसलो होतो... त्या सोग्यानेच पुसला. आता कागद-पेन्सिल काही लागली नाही. पत्र्यावर डोळ्यांना स्वच्छ दिसत होतं. ३०१९.

क्लेम नामंजूर झाला, तो व्हायचाच होता. पण वहिनीने सगळ्या पाहुण्यांदेखत मला विचारलं, "मधूभाऊजी, हा नंबर तुम्हाला आधी कसा माहीत होता? तुमच्या मनातलं केलंत ना खरं?" ती मुलीला घेऊन जबलपूरला माहेरी गेली. आजतागायत माझ्याशी बोललेली नाही. पुतणीच्या लग्नाची पत्रिकासुद्धा आली नाही.

आणि त्याच मोहल्ल्याने आता काय करावं? बाबांना सिद्धपुरुष ठरवलं! त्यांना आधीच दिसलं होतं म्हणे. पाया पडायला यायला लागले, नव्या स्कूटरच्या किल्ल्या घेऊन भविष्य विचारायला लागले. मी एकाला हाताला धरून जिन्याखाली घालवला.

दादाला मुलगा नव्हता, म्हणून दहावं मी केलं. घाटावर शेजारचे गुरुजी मंत्र सांगत होते, बाबा वरच्या पायरीवर पंचा लपेटून बसले होते. गुरुजी मला म्हणाले, "अपसव्य करा." मी जानवं उजव्या खांद्यावर घेतलं, हातात तीळ घेतले. तेव्हा वरून बाबांचा आवाज आला, अगदी साधा, एखादं राहिलेलं काम आठवावं तसा.

"मधू, त्याचं मी मागेच करून टाकलंय रे."

मी वर बघितलं नाही. मला पाणी सोडवेना, आणि न सोडून चालणारही नव्हतं.

आता तुम्ही पत्र्याचं स्पष्टीकरण द्याल. उष्णतेने धातू असा होतो, तसा होतो... सगळं ऐकून झालंय माझं. त्या क्षेत्रातल्या चांगल्या शिकलेल्या माणसांना विचारून झालं. कुणाकडे उत्तर नाही, माझ्याकडेही नाही. ठशाचे ते कागद मी गंगेत सोडून दिले. आणि खरं सांगू? नंबराचं मला आता काही वाटतही नाही.

बाबा त्यानंतर पुष्कळ वर्षं जगले. पूजा सोडली, घाट सोडला. खिडकीशी बसून असायचे, आणि मी कामावरून आलो की दर खेपेला हात डाव्या खांद्यावर नेत, जानवं चाचपत एकच विचारायचे, "मधू, तू तर समोरच उभा होतास. मी खरंच अपसव्य होतो का रे त्या दिवशी?"

आयुष्यभर लोकांचं खोटं पकडणारा मी. रोज त्यांच्या डोळ्यांत बघून सांगायचो, "नाही बाबा. तुम्ही सव्यच होतात."