बापाचं कपाळ

"धर रे याचे हात," मॅडम म्हणाल्या. "या लोकांना पलंगावर झोपवलं की लगेच माज येतो."

मी धरले. त्यात माझा हातखंडा. बारा वर्षं वॉर्डबॉय. पेशंटचा हात कुठं दाबला की हलत नाही, हे सोलापुरात माझ्याएवढं कुणाला ठाऊक नसेल. फक्त हे हात माझ्या बापाचे होते.

आमच्या हॉस्पिटलात ऑपरेशनला नेताना थिएटरच्या दारात प्रत्येकाला कुंकवाचा टिळा. मालकीणबाई, म्हणजे याच मॅडम, स्वतः लावतात. बाप वळसंगचा, बौद्ध. विसाव्या वर्षी दीक्षा घेतली, तेव्हापासून कपाळाला काही लागू दिलं नाही. स्वतःच्या लग्नातसुद्धा.

आणि मी? सगळ्यांचं पाळणारा मोठा शहाणा. जैन आजोबांचं ताट दिवस मावळायच्या आत. बुरख्यातल्या भाभींना न्यायला बाईमाणूसच. पद्मशाली मावशींचं मंगळसूत्र उतरवायचं तर तेलुगूत "अम्मा, अम्मा". तेवढा एकच शब्द येतो, पण रुबाब बघा. भरतीच्या कागदावर 'पेशंटचं काही पाळायचं आहे का' असा रकाना असतो. तो मीच भरायचो. बापाच्या कागदावर लिहिलं, 'काही नाही'. नात्याच्या रकान्यात, 'गाववाला'.

कारण माझ्या मनगटात लाल गंडा होता. नोकरीला लागताना बांधलेला. मला कुणी जात विचारलीच नव्हती. मीच आधी उत्तर बांधून आलो होतो.

"हात सोड," बाप म्हणाला. "मी न्हाय लावून घेणार."

"कोण आहे रे हा तुझा?"

"गाववाला, मॅडम."

बापानं माझ्याकडं बघितलं. मग सगळं अंग झटकलं. कुंकवाचं ताट उलटलं. मी दाबलं. स्ट्रेचरवर गुडघा टेकवून आणखी दाबलं. सलाईनची सुई उपटून निघाली. रक्त चादरीवर, रक्त माझ्या शर्टावर. कुंकू मॅडमच्या अंगठ्याला आधीच लागलेलं. तो त्यांनी असा रगडला की बापाचं डोकं मागच्या लोखंडावर आपटलं. आवाज झाला.

"झालं. एवढ्याशासाठी केवढा तमाशा."

बाप ओरडला नाही. मला म्हणाला, "साहेब, हा गाववाला मेला तर मयतीला येऊ नका तुमी."

साहेब. मला.

माझे हात सुटले. स्पिरिटचा बोळा घेतला आणि कपाळ पुसलं.

"पुसतोस काय? डोकं ठिकाणावर आहे का?"

"आत्ता आलं, मॅडम. हा माझा बाप हाय."

त्या माझ्या हाताला झोंबल्या. मी त्यांचं मनगट धरलं. कुठं दाबायचं ते ठाऊक होतंच. बोळा खाली पडला, तरी मनगट सोडलं नाही, त्या मागं सरेपर्यंत. मग बँडेजच्या कात्रीनं गंडा कापला. घाईत चामडीही कापली. तिथंही धांदरटपणाच. त्याच रक्ताळलेल्या हातानं कागदावरचं खोडलं आणि लिहिलं: 'बौद्ध. कपाळाला हात लावू नये. नातं: मुलगा.'

ऑपरेशन झालं, बाप वाचला. माझ्याशी बोलत नाही. त्याच्या जागी मी असतो तर मीही बोललो नसतो.

नोकरीवरून काढायची धमकी रोज असते. काढतील तेव्हा काढतील. तोवर थिएटरच्या दारात मी उभा असतो आणि प्रत्येक पेशंटला आधी विचारतो. कुणी नको म्हणालं की पुढं होतो. हात धरायची सवय गेलेली नाही. आता कुंकवाचा हात धरतो.