डिटेक्टरची जागा

बिअरच्या कारखान्यात खरेदी विभाग सांभाळणाऱ्या बाई म्हणजे भारी काळजी करणाऱ्या. लेकीला घरी एकटी ठेवून निघताना शेगडीचं बटण तीनतीनदा तपासायच्या. तळघरात बिअर आंबताना कार्बन डायऑक्साइड सुटतो, त्याचा धोका ओळखणारा डिटेक्टरही त्यांनी महिनाभर पारखून निवडला. हा वायू जड, तळाशी साठतो, म्हणून डिटेक्टर जमिनीपासून हातभर उंचीवरच बसवा, असं माहितीपत्रकात होतं. बाईंनी ते वाचलं होतं. पण खाली धुण्याचं पाणी उडेल, आकडे बघायला वाकावं लागेल, म्हणून त्यांनी तो डोळ्यांच्या उंचीवर बसवून घेतला.

सोमवारी टाकीखालची फरशी घासताना सफाईच्या मावशी भोवळ येऊन पडल्या. डिटेक्टरने हूं की चूं केलं नाही. सोबतिणीने ओढून बाहेर आणलं म्हणून त्या वाचल्या.

"माझंच चुकलं हो बाई," शुद्धीवर येताच मावशी धावत आलेल्या बाईंना म्हणाल्या. "उपाशीपोटी आले."

"बघा! आम्हाला दम देणाऱ्या मावशी चक्क आडव्या!" मुकादम म्हणाला आणि सगळे हसले.

बाई गप्प बसल्या असत्या तर प्रकरण तिथंच मिटलं असतं. पण त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"पोटाचा दोष नाही, मावशी. डिटेक्टर खाली लावायचा तो मी वर लावला. माहीत असून लावला."

मावशी उठून बसल्या.

"म्हणजे उभ्याने काम करणाऱ्यांचाच विचार केलात होय?"

आवाजात राग नव्हता. बाईंना मान वर करवेना.