पेल्याखालचा कागद

हेडमास्तरांनी माझा कागद वाचला नाही. चहाचा पेला उचलला, कागद खाली सारला आणि पेला त्यावर ठेवला. वर म्हणाले, "सर्टिफिकेट शिक्षकांना असतं. शिपायाला कसलं?"

बाजूच्या खुर्चीतले दोन शिक्षक हसले. एकाला साखर, दुसऱ्याला दमा. साथीच्या कामातून सूट मागणारे दोघांचे कागद त्याच टेबलावर मंजूर झाले होते. स्वतः हेडमास्तर बीपीचं कारण देऊन दुसऱ्या दिवसापासून घरी बसणार होते. मी "होय सर" म्हणालो आणि माझा कागद उचलून बाहेर आलो. त्यावर चहाचा गोल डाग उठला होता.

त्यावर गोव्याच्या डॉक्टरांनी लिहिलं होतं की या माणसाला साथीत गर्दीपासून लांब ठेवा. आईची किडनी माझ्या पोटात होती. शरीरानं ती परकी समजून टाकू नये म्हणून रोज गोळ्या, आणि त्या गोळ्यांनी आजाराशी लढायची ताकदच कमी झालेली. हे अख्ख्या शाळेला ठाऊक होतं.

मुंबईचे चाकरमानी गावात येत होते आणि चौदा दिवस आमच्या शाळेत राहत होते. वर्ग मी झाडले. चहा, पेज, पाण्याच्या बादल्या मी नेल्या. त्या माणसांचा दोष नाही, ती आमचीच. रोज संध्याकाळी हेडमास्तर गेटबाहेरून हजेरी विचारत, आणि मी जवळ गेलो तर आधी आंब्यावर फवारायच्या पंपानं माझ्यावर औषध मारायला लावत. मी डोळे मिटून उभा राहायचो. आजही आठवलं की माझी मलाच चीड येते.

तिसऱ्या आठवड्यात ताप आला. मी वाचलो. किडनी गेली.

इस्पितळातून घरी आणलं तेव्हा आई उशाशी बसली. म्हणाली, "माज्याकडे अजून एक आसा रे. ती घे."

त्या दिवशी माझ्यातला "होय सर" मेला.

शाळा सुरू झाली तेव्हा हेडमास्तरांचा सत्कार ठरला. साथीत शाळा सांभाळली म्हणून शाल-श्रीफळ. आमच्याकडे कुठलंही कार्य देवाला गाऱ्हाणं घातल्याशिवाय होत नाही, आणि शाळेचं गाऱ्हाणं आधी माझ्या वडलांनी घातलं, नंतर मी. हेडमास्तरांनीच हाक मारली, "चल रे, घाल गाऱ्हाणा."

मी नारळ हातात घेतला.

"बा देवा म्हाराजा, आज ही तुझी लेकरां जमली आसत, तेंची राखण कर रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!" सगळा गाव.

"जेणा आजारी माणसाचो कागद चायच्या पेल्याखाली घातल्यान, आणि तेका साथीच्या तोंडात लोटल्यान, तेचो न्याय तुझ्या दारात होवंदे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!"

सवयीनं निघालं तोंडातून. हेडमास्तरही हात जोडून म्हणाले. मग एकेक मान त्यांच्याकडे वळली. शाल खांद्यावर घ्यायला ते उठेचनात. मी नारळ फोडला, खोबरं वाटलं. त्यांच्याही हातावर ठेवलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात बोलावलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला बसायला खुर्ची. माफी लिहून दे, नाहीतर वर तक्रार करतो, म्हणाले. मी उभाच राहिलो. "लिवा. माका पण लिवचा आसा."

मी शिक्षण खात्याला लिहिलं. सोबत तो डागाचा कागद जोडला. तिथले साहेब म्हणाले झेरॉक्स चालेल. झेरॉक्सच दिली, अस्सल माझ्याकडे आहे.

आता आठवड्यातून दोनदा डायलिसिसच्या मशीनवर पडतो. बाकीचे दिवस शाळेची घंटा देतो. हेडमास्तर यंदा रिटायर होतायत, तर सोडून दे, म्हातारा माणूस, असं लोक समजावतात. मी सोडणार नाही. याला सूड म्हणत असाल तर म्हणा, सूडच आहे. त्यांच्या निरोपाला नारळ फुटेल, तेव्हा गाऱ्हाणं घालायला मीच उभा असेन. आणि या खेपेस नाव घेऊन.