बरकतीचं बूच

नवरा तोक्तोसुन वारल्यावर कालिपाकडे त्याच्या दोनच गोष्टी उरल्या: पान्यांची जड पिशवी, आणि वीस वर्षं त्याच्यामागे विजेरी धरून मिळवलेली अक्कल. बिश्केकच्या त्या चौकात पिशवीला गिऱ्हाईक होतं, अकलेला नव्हतं. पलीकडच्या इमारतीतला नळकारागीर झिरगाल दर आठवड्याला दार वाजवायचा. "वहिनी, तुम्हाला काय करायचेत हे पाने? नूडल्स ढवळणार का?" शुक्रवारपर्यंत एकही काम आलं नाही, तर पिशवी त्याच्या गळ्यात मारायची, असं कालिपानं रडत रडत ठरवून टाकलं होतं.

गुरुवारी सकाळी चौकातल्याच वयस्कर बुरमाकान आपांचं बोलावणं आलं. मे महिना; दरवर्षीसारखं शहराचं गरम पाणी बंद, आणि जो तो आपापल्या बॉयलरच्या भरवशावर. आपांच्या नातवाला त्याच दिवशी चाळीस दिवस पुरे होत होते. दुपारी बायका जमून त्याच्या अंगावर चाळीस चमचे पाणी घालणार, आणि नेमका बॉयलर खालून गळायला लागला. झिरगाल येऊन सांगून गेला होता, "टाकी फुटली, फेकून द्या." पण आपांच्या मुलानं गेल्या वर्षी रशियाला कामाला जाण्याआधी स्वतःच्या हातानं तो भिंतीवर चढवला होता. फेकायला आपांचा जीव धजेना.

"तोक्तोसुनची बायको," आपा दारातच म्हणाल्या, "नुसतं बघ. हात लावू नकोस."

"हात न लावता कसं बघू, आपा? मी काय दाणे मांडून भविष्य सांगते?"

तिनं वीज बंद केली, बॉयलर फडक्यानं कोरडा पुसला आणि एकेका जोडाला वर्तमानपत्राची पट्टी गुंडाळली. नवरा म्हणायचा, पाणी लबाड असतं, निघतं एकीकडून आणि टपकतं दुसरीकडे. कागद मात्र खरं बोलतो. दोन्ही नळांच्या पट्ट्या कोरड्या राहिल्या. खालच्या गोल झाकणाची भिजली. तिनं ते पाणी तळहातावर घेतलं.

"स्वच्छ आहे, बघा. टाकी कुजली असती तर तांबूस आलं असतं. झाकणाचं रबर गेलंय, एवढंच. झिरगालचं म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला."

"एका वर्षात रबर जातं?"

"आपोआप नाही जात. आतून कुणीतरी रेटलंय."

मग तिची नजर गार पाण्याच्या नळीवरच्या छोट्या झडपेकडे गेली. झडपेच्या तोटीत एक सुबक तासलेली खुंटी घट्ट बसवली होती. खुंटीला डोंगरातल्या आर्चाच्या सुगंधी लाकडाचा वास येत होता.

"हे काय?"

आपांची सून रुमालात तोंड लपवून हसत होती.

"थेंब थेंब गळायचं तिथून," आपा शेवटी फणकारल्या. "बाळंतिणीच्या घरात गळती म्हणजे बरकत गळते. मारलं बूच. आणि साधंसुधं नाही, आर्चाचं! पाळण्याला धुरी देतो त्या लाकडाचं!"

कालिपा कितीतरी महिन्यांनी पोट धरून हसली. "अहो आपा, पाणी तापलं की फुगतं. जास्तीचं बाहेर पडायला ती वाट असते. तुम्ही त्याचं तोंड बांधलंत, मग ते बूड फोडून निघालं!"

तिनं बूच उपटलं, टाकी रिकामी केली, झाकण उघडलं. आत क्षारांचा पांढरा थर होता. टाकी गंजू नये म्हणून तिच्याऐवजी स्वतः झिजणारी धातूची कांडी पेन्सिलीएवढी बारीक झाली होती. आणखी वर्षभर तशीच राहिली असती, तर झिरगाल खरा ठरला असता. नवऱ्याच्या पिशवीत नवं रबर निघालं आणि कांडीही निघाली. बारा वाजता टाकी पुन्हा भरली, तरी सगळ्या पट्ट्या कोरड्या होत्या. कालिपानं वीज लावली. थोड्या वेळानं झडपेतून आवाज आला: टप.

"गळलं पुन्हा!" आपांचा हात बुचाकडे गेला.

ते बूच परत बसलं, की उद्या परत गळती आणि चौकभर एकच बोलणं, बाईचं काम असंच असायचं. समजावून आपा ऐकणाऱ्यातल्या नव्हत्या. तिनं ओट्यावरचा वाडगा उचलून तोटीखाली धरला.

"बरकत जमिनीवर सांडली तर गेली, आपा. वाडग्यात पडली तर घरातच राहिली ना?"

आपांनी वाडग्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि बूच खिशात टाकलं.

दुपारी बायका जमल्या. वाडग्यातलं पाणी आपांनी सगळ्यांत आधी बाळाच्या टबात ओतलं. मग लाकडी चमचा हातोहात फिरला. कालिपा पिशवी घेऊन दाराशी उभी होती; विधवा, त्यात मूलबाळ नाही, अशा जागी आपण कुठं उभं राहायचं हे तिला कुणी सांगावं लागत नव्हतं. एकोणचाळीस झाले.

"उस्ता!" आपांनी हाक मारली. कालिपानं मागे वळून पाहिलं. त्या चौकात कारागिराचा हा मान फक्त तिच्या नवऱ्याला होता. मागे कुणीच नव्हतं.

"तुलाच म्हणतेय. शेवटचा चमचा कोण घालणार?"

"हात काळे आहेत माझे, आपा."

"मग धू की," आपा म्हणाल्या. "गरम पाणी आहे घरात."