दांडीवरचं सोवळं

अक्षर वाकडं आहे. ऱ्हस्व-दीर्घ मला कळत नाही, शाळा चौथीपर्यंतच झाली. ही वही कुणी वाचणार नाही, तरी आधी माफी मागते. माफी मागायची सवयच लागली आहे.

"हात दाखव," वहिनी म्हणाल्या.

पंचवटीत त्यांच्याकडे मी आठ वर्षं भांडी घासली. गेल्या वर्षीचा पितृपक्ष होता, त्यांच्या सासऱ्यांचं श्राद्ध. गुरुजी पानावर बसलेले. मी दोन्ही हात पुढे केले. वहिनींनी लांबूनच पाहिले आणि गुरुजींना म्हणाल्या, "ह्या हातांनी धरलं." घरातले सगळे माझ्या हातांकडे बघत राहिले. मला ते कुठं ठेवावेत कळेना.

झालं होतं असं. स्वयंपाकाला नेसायचं सोवळं उंच दांडीवर काठीनं वाळत घालतात, कुणाची शिवाशिव नको म्हणून. सकाळी वाऱ्यानं ते घसरलं. खाली मोरी. मी धावून झेललं. मग लक्षात आलं काय केलं ते. घाबरून काठीनं परत वर टाकलं. वहिनींनी तेच नेसून सगळा स्वयंपाक केला.

मी बोलले नसते तर कुणाला कळलं नसतं. पण माझाही विश्वास होता. पितरांना घास पोचला नाही तर पाप माझ्या माथी, असं वाटलं. पानं वाढल्यावर राहवेना. हळूच म्हणाले, "वहिनी, सकाळी ते सोवळं मी धरलं व्हतं."

गुरुजी हात आखडून उठले. मी पेठकडची, डोंगरातल्या पाड्यावरची, हे कळल्यावर हसले. "तिकडचे देवच उघड्यावर. त्यांना कुठलं आलंय सोवळं?"



सगळा स्वयंपाक परत झाला. आधीचा अर्धा गायीला गेला. गायीला चालला. उरलेली खीर-पुरी वहिनींनी मला नेऊ दिली. मी नको म्हणायला हवं होतं. म्हणाले नाही. घरी पोरींनी वाटी चाटून पुसून खाल्ली. धाकटी म्हणाली, "आई, रोज बाटवत जा ना." थोरली हसली. मीही हसले. मग मोरीत जाऊन तोंड धुतलं.

महिनाअखेरीला वहिनींनी हिशेब सांगितला. वाया गेलेलं सामान, गुरुजींना परत थांबवल्याची दक्षिणा. तीन हजार. दरमहा अडीचशे, वर्षभर कापणार. मी मान हलवली. काम गेलं तर खोलीचं भाडं कुठून भरू?

भांडी घासताना डोक्यात तेच फिरायचं. त्या भाताचा तांदूळ त्याच सकाळी मी निवडला होता, दाणा न् दाणा. तो धुतला की शुद्ध. लुगडं धुतलं की शुद्ध. मला किती पाण्यानं धुतलं म्हणजे होईन? धर्म एवढा मोठा म्हणतात, मग माझ्या बोटाला का भितो? विचारायचं कुणाला? आमच्या गावच्या वाघदेवाला मी लहानपणी कवेत धरून शेंदूर फासला आहे. सगळ्या पोरी फासायच्या. तो कधी बाटला नाही. देव कुठला खरा, मला ठरवता येत नाही. पण माणसाला लांब ठेवणारा माझा नाही, एवढं ठरलं.

परवा यंदाच्या पितृपक्षाचे तांदूळ वहिनींनी माझ्यापुढे ठेवले. मी सूप बाजूला सारलं. "ज्या हातानं सोवळं बाटतं, त्यानं निवडलेला तांदूळ तुम्हाला कसा चालतो? तुम्हीच निवडा." वाक्य पुरं झालं. त्या म्हणाल्या, मग दुसरी बाई बघते. बघा म्हटलं.

आज शेवटचे अडीचशे द्यायला गेले. पगारातून कापायची वाट पाहिली नाही. वहिनी सोवळ्यात होत्या.

"कट्ट्यावर ठेव," त्या म्हणाल्या.

मी नोटा धरून उभी राहिले. "हातात घ्या. नाहीतर परत नेते."

शेवटी त्यांनी हात पुढे केला. त्यांची बोटं माझ्या बोटांना लागली.

नोटा त्यांनी तशाच कपाटात ठेवल्या आणि परत अंघोळीला गेल्या. आतून तांब्याचा आवाज येत होता. मी चपला घातल्या. तीन हजार पुरे फिटले.